खिडकी नेमकी कुठं उघडायची

मला एका जागी बसता येत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची बरीचशी भानगड त्यातूनच झाली. जेवायला बसलो तरी दोनदा उठतो. फोन आला की बोलत बोलत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो. माझी बायको सिंधू म्हणते, यांच्या पायाला भिंगरी आहे आणि तोंडालाही. अशा माणसाला डॉक्टर म्हणाले, "तीन तास हलायचं नाही." आता बोला.

माझं नाव भागवत. रावेर तालुक्यात गेली तीस वर्षं मी बोअरमध्ये मोटारी सोडायचं आणि अडकलेल्या मोटारी काढायचं काम करतो. आमच्याकडं केळी आहे आणि केळीचं पाणी दोन दिवस तुटलं की मालकाची झोप उडते, त्यामुळं कामाला तोटा नाही. जळगावच्या ज्या डॉक्टरांनी मला बरं केलं ते म्हणाले, "भाऊ, तुमच्यासारखं ऑपरेशन व्हायचं असलेली माणसं फार घाबरतात, तुमचं लिहून काढा." म्हणून लिहितो. शूर माणसाचं काही वाचायला मिळेल असं वाटत असेल तर इथंच थांबा.

पोटातली धडधड

गेल्या हिवाळ्यात पाठ दुखायला लागली. मला वाटलं मुतखडा. मुतखड्याशी माझी जुनी ओळख आहे. बारा वर्षांपूर्वी त्याच्यापायी उजवी किडनी काढावी लागली होती. तेव्हापासून एकाच किडनीवर गाडी चालू आहे. जळगावला सोनोग्राफी करायला गेलो तर तिथले डॉक्टर पोटावर ते यंत्र फिरवता फिरवता बेंबीच्या वर थांबले. पुन्हा मागं गेले, पुन्हा तिथंच आले. असं तीनदा झाल्यावर मी मान वर केली.

"निजल्यावर पोट उडतं का तुमचं?" त्यांनी विचारलं.

उडत होतं. चार-सहा महिने उडत होतं. मला वाटायचं गॅस असेल. सिंधूचा हात एकदा चुकून पोटावर पडला होता तेव्हा ती म्हणाली होती, "आत काय चालू हाये तुमच्या?" मी म्हणालो होतो, मोटार. दोघंही हसलो होतो.

काळजातून निघून पोटातून खाली जाणारी जी मुख्य रक्तवाहिनी असते ती माझ्या पोटात फुगली होती. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबला फुगा येतो तशी. तीस वर्षांच्या बिड्यांचा त्यात मोठा वाटा होता, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. फुगा फुटला तर दवाखान्यात पोचायलाही वेळ मिळत नाही, हेही त्यांनी सांगितलं. बाहेर आलो आणि स्टँडवर न जाता उलट्या दिशेनं चालत सुटलो. सिंधू मागून हाका मारत होती. एका कूलरच्या दुकानासमोर तिनं मला गाठलं आणि शर्टाची बाही धरून ठेवली. घरी पोचेपर्यंत तिनं ती सोडली नाही.

वरून फिरवलं की खाली फिरतं का

धुळ्याला दिलेली आमची मुलगी वर्षा फोनवर एकच धोशा लावून बसली होती, मुंबईला चला. मी म्हणत होतो, जळगावच. यावरून आठ दिवस घरात धुसफुस. शेवटी कळलं की मुंबईचे एक मोठे डॉक्टर महिन्यातून एकदा जळगावला येऊन हेच काम करतात. वर्षा गप्प झाली आणि माझी पंचाईत झाली, कारण आता नाही म्हणायला कारण उरलं नाही.

ते डॉक्टर वयानं माझ्यापेक्षा बरेच लहान होते. त्यांनी कागदावर चित्र काढलं. पोट फाडायचं नाही. जांघेतल्या रक्तवाहिनीतून एक लांब नळी वर सरकवायची, तिच्या टोकाला घडी घातलेलं जाळीचं अस्तर असतं, ते फुग्याच्या आत उघडायचं. मग रक्त अस्तरातून वाहतं आणि फुग्यावरचा ताण जातो. हे मला लगेच समजलं. फाटक्या बोअरमध्ये आम्ही आत दुसरा पाइप उतरवतो, तेच.

"पण तुमची अडचण वेगळी आहे," ते म्हणाले. "फुगा अगदी डाव्या किडनीच्या रक्तवाहिनीपासून सुरू होतो. अस्तर तिच्या तोंडावर बसणार. म्हणून अस्तराला मी बाजूनं एक खिडकी पाडणार. ती खिडकी बरोबर त्या तोंडासमोर आली पाहिजे."

"आणि नाही आली तर?"

"तर किडनीचं रक्त बंद." त्यांनी चित्रातल्या उजव्या बाजूच्या मोकळ्या जागेकडं पाहिलं. दुसरी किडनी नव्हतीच.

मी पुढचा प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. मी विचारलं, "साहेब, एवढी लांब नळी, तुम्ही वरून फिरवली की टोक लगेच फिरतं का? आमच्या दोराला पीळ बसतो. वर अर्धा फेरा दिला तरी खाली काही होत नाही, आणि मग एकदम भलतीकडं तोंड होतं."

"तसंच होतं," ते म्हणाले. "म्हणून थोडं फिरवायचं, नळी किंचित वर-खाली करायची, पीळ उतरू द्यायचा, मग बघायचं. खिडकीच्या काठाला सोन्याच्या तारेच्या चार खुणा शिवलेल्या असतात. क्ष-किरणांच्या पडद्यावर त्या काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. त्यावरून कळतं खिडकीचं तोंड कुठं आहे. अस्तर अर्धवट उघडं असेपर्यंत फिरवता येतं. पूर्ण सोडलं की मग ते जिथं बसलं तिथं बसलं."

त्या रात्री मला झोप लागली. माणसाला आपल्या धंद्याचं काही ओळखीचं भेटलं की तो उगाच निर्धास्त होतो.

खिसे रिकामे

इथं आमच्या कामाची एक पद्धत सांगितली पाहिजे. मोटार सोडायला उभं राहण्याआधी माझा पहिला हुकूम असतो, खिसे रिकामे करा. पेन, काडेपेटी, नाणं, मोबाइल, सगळं बाजूच्या घमेल्यात. वाकताना खिशातली एक वस्तू जरी बोअरमध्ये पडली तरी ती मोटार आणि भिंतीच्या मधे जाऊन बसते आणि मग हजारोंचं काम. दुसरी पद्धत अशी की मोटार खाली जाताना एकच माणूस बोलतो. तो मी. बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं. एका गड्याच्या खिशातून तंबाखूची डबी पडली म्हणून मी त्याला भर शेतात असा झापला होता की तो पुन्हा कामावर आला नाही.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर आल्या. अंगठी, घड्याळ, गळ्यातलं सगळं काढा म्हणाल्या. मग त्यांची नजर कमरेकडं गेली. "करदोडाही."

काळ्या दोऱ्याचा करदोडा, त्यात चांदीचा एक मणी. माझ्या वडिलांनी बांधलेला. दोरा दरवर्षी बदलतो, मणी तोच. आमच्याकडं जिवंत माणसाच्या कमरेवरून करदोडा उतरवत नाहीत. नवा बांधायचा असेल तर आधी नवा बांधतात, मग जुना सोडतात. नुसती कंबर फक्त मेलेल्याची असते. मी एरवी या गोष्टींची टिंगल करणारा माणूस. पण त्या सकाळी सिस्टरांच्या हातात कात्री पाहिली आणि दोन्ही हातांनी करदोडा दाबून धरला.

सिंधूनं ते ओळखलं. "मी सोडते," ती सिस्टरांना म्हणाली. "कात्री नका लावू." तिनं गाठ सोडायला वाकावं एवढ्यात मी म्हणालो, मी काढतो, आणि संडासात गेलो. तिथं दोरा सोडला, मणी ओढून काढला आणि मुठीत दाबला. बाहेर येऊन नुसता दोरा गुंडाळून सिंधूच्या हातात दिला. तिनं न बघता पदराला गाठ मारून ठेवला.

साठीला आलेला माणूस, लोकांचे खिसे रिकामे करणारा, मूठ दाबून स्ट्रेचरवर निजला होता. पाठीत इंजेक्शन देण्यासाठी मला टेबलावर बसवलं, नंतर आडवं केलं. आडवं होताना मी मूठ उघडली आणि मणी कमरेखाली सरकवला. थोड्या वेळानं कमरेखालचं सगळं बधिर झालं. मणी तिथं आहे की नाही तेही कळेना.

पाचवा ठिपका

जागा होतो मी. माझ्यासारख्या माणसानं जागं राहून गप्प राहायचं म्हणजे काय ते माझं मलाच माहीत. पाय हलत नव्हते म्हणून खांदे हलवत होतो. भूल देणाऱ्या मॅडम डोक्याशी उभ्या होत्या. दर थोड्या वेळानं माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायच्या, "काका, स्वस्थ." मी म्हणायचो, स्वस्थच आहे.

आत एकच माणूस बोलत होता. मुंबईचे डॉक्टर. "थोडं वर. थांबा. आता डावीकडं. थांबा. श्वास रोखा." मी श्वास रोखायचो. रंगाचं औषध आत गेलं की पोटातून गरम लाट जायची. प्रत्येक वेळी तो रंग माझ्या एकुलत्या किडनीला सोसावा लागतो, म्हणून शक्य तितका कमी वापरू, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. मी लाटा मोजत होतो.

"अर्धं उघडलं," ते म्हणाले. मग मदतीला उभ्या असलेल्या जळगावच्या डॉक्टरांना, हळू आवाजात, "हा पाचवा कुठला?"

"मघापासून आहे. कॅल्शियम असेल."

"मघाशी इथं नव्हता. सरकलाय."

मी खांदे हलवायचा थांबलो.

"खिडकीची खूण निसटली असेल तर?" मुंबईचे डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "पाचातल्या नेमक्या कुठल्या चार खऱ्या, हेच कळणार नाही. अंदाजानं सोडायचं नाही. एकदा रंग देऊन बघू." लाट आली. "नाही, कळत नाही. दुसऱ्या बाजूनं घेऊ." पुन्हा लाट. सिस्टरांना ते म्हणाले, "पोट उघडायची तयारी ठेवा. बाहेरच्यांना तसं सांगावं लागेल."

मला सगळं समजलं होतं. पहिल्याच वाक्याला समजलं होतं. तरी मी बोललो नाही. लाज वाटली. दोन लाटा मी गप्प राहून किडनीवर ओढवून घेतल्या, हे लिहिताना आत्ताही माझा हात थांबतो. घाबरलो होतो असं म्हणून सुटता येईल, पण खरं कारण लाज. जन्मभर दुसऱ्यांना झापत आलो होतो.

"साहेब," मी शेवटी म्हणालो. "तो माझा आहे."

"काय?"

"पाचवा. चांदीचा मणी आहे. पाठीखाली. करदोड्याचा."

मग मॅडमनी आणि एका सिस्टरांनी मला किंचित उचललं, कुणीतरी चादरीखालून हात घातला. "सापडला." मुंबईच्या डॉक्टरांनी एक लांब श्वास सोडला. मला वाटलं आता माझा उद्धार होणार. ते एवढंच म्हणाले, "आता चारच आहेत. आणखी काही असेल तर आत्ता सांगा."

"नाही साहेब. खिसे रिकामे."

त्यानंतर मी खरोखर हललो नाही. थोडं फिरवा, वर-खाली करा, पीळ उतरू द्या. मी डोळे मिटून त्यांच्या हातांचा अंदाज घेत होतो. "आली," ते म्हणाले. खिडकीतून एक बारीक तार किडनीच्या वाहिनीत गेली, तिथं छोटी नळी बसवली आणि मग त्यांनी अस्तर सोडलं.

तासाचे थेंब

वाटलं होतं, संपलं. पण आयसीयूत सिस्टर दर तासाला लघवीच्या पिशवीपाशी वाकायच्या आणि आकडा लिहायच्या. आकडा काही वाढत नव्हता. वीस मिली. पंधरा. पुन्हा वीस. जळगावचे डॉक्टर म्हणाले, "खिडकी चोख बसली आहे. पण रंग जास्त गेला. किडनी थकली आहे. वाट बघू. नाहीच उठली तर डायलिसिस." रंग का जास्त गेला ते ते बोलले नाहीत. मला दोन्ही लाटा आठवत होत्या.

शेजारच्या खाटेवर भडगावचे रशीदभाई होते. वेल्डिंगचं दुकान, पायाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवलेली. माझी तळमळ बघून ते म्हणाले, "भाऊ, पिशवीकडे बघू नका. तठे बघीसन काय व्हस? वर पंख्याकडे बघा. मी दोन दिन तेच करी राहिनू." मी पंख्याकडं बघितलं. पंखा बंद होता. दोघांनाही हसू आलं. टाके दुखले, पण बरं वाटलं.

सिंधू भेटायच्या वेळेला यायची आणि पायाशी उभी राहायची. माझ्या पायाचा अंगठा चिमटीत धरायची, गरम आहे का बघायची, आणि खिडकीबाहेर बघत बसायची. माझ्याकडं नाही. मला वाटलं, डॉक्टरांनी तिला मण्याचं सांगितलं असणार आणि ती रागावली असणार. मी विचारलं नाही. तिनंही काही काढलं नाही. वर्षा दोघांच्या मधे उभी राहून एकदा माझ्याशी, एकदा तिच्याशी बोलायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांनी पिशवी हातात घेऊन उजेडात धरली. "काका, ऐंशी." पुढच्या तासाला शंभराच्या वर. रशीदभाईंनी पलीकडून हात वर केला. डॉक्टर आले, रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, "उठली." मी रडलो. लपवलं नाही.

धुळ्याला

पंधरा दिवस वर्षाकडं, धुळ्याला राहायचं ठरलं. मला चालायला सांगितलं होतं, म्हणजे माझ्या मनासारखंच. वर्षाच्या गच्चीवर मी सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारायचो. सिंधू कोपऱ्यात बसून शेंगा सोलायची. चौथ्या-पाचव्या दिवशी मीच विषय काढला. म्हणालो, "चूक झाली माझी. तो मणी मी लपवला. त्याच्यापायी किडनी जाता जाता राहिली. तू राग धरलास तो बरोबर आहे."

"राग?" ती म्हणाली. "मले कुठं राग हाये."

मग तिनं सांगितलं. मी सांगतो ते तिच्या तोंडचं आहे, मला फक्त नीट मांडता येतं.

ऑपरेशन चालू असताना ती बाहेर बाकावर होती. वर्षा रक्तपेढीत गेली होती. दार उघडून एक सिस्टर घाईनं बाहेर आल्या. त्यांच्या हातात कापसाचा बोळा होता. "पेशंटच्या अंगावरचं आहे, सही करा," म्हणाल्या, सही घेतली आणि आत गेल्या. सिंधूनं बोळा उघडला. आत मणी. तिनं पदराची गाठ सोडून दोरा बघितला, तर त्यात मणी नव्हता. सकाळीच शेजारच्या बाकावरच्या बाईला असंच नवऱ्याचं घड्याळ आणून दिलं होतं, अशीच सही घेतली होती, आणि नंतर आत बोलावून तो गेल्याचं सांगितलं होतं.

"मले वाटलं, झालं. तुम्ही गेले."

मी फेरी मारायचा थांबलो.

"मग काय केलं तू?"

ती शेंगा सोलत राहिली. "रडले नाही. वर्षाले फोनबी नाही केला. पहिले खाली कँटिनात गेले."

"कँटिनात?"

"तुमचे वडील गेले तव्हा आठवते? पाव्हण्यांच्या गाडीची वाट बघता बघता दुसरा दिस उगवला, घरात चूल नाही पेटली, अन् मी चक्कर येऊन पडले. आता तं साखरेच्या बिमारीची गोळी चालू हाये, उपाशी राहून चालत नाही. मी म्हणलं, एकदा पोरीले सांगितलं की मंग मले कोणी जेवू देणार नाही. पुढं सगळं मलेच करायचं हाये. रावेरले न्यायचं, भावकीले कळवायचं. म्हणून पहिले खाऊन घेतलं. पोहे. दोन प्लेटी. वरतून चहा." तिचे हात थांबले. "तुम्ही आत जिते होते, अन् मी तुमच्या मरणाचं जेवून आले. वर आले तं डाक्टर म्हणे, चांगलं झालं, भेटा. कोणत्या तोंडानं बघू तुमच्याकडं?"

मी तिच्याजवळ जाऊन खाली बसलो. जांघेतला टाका ओढला. या बाईनं मी मेलो असं समजून मला रावेरपर्यंत न्यायची ताकद आधी पोटात भरून घेतली होती, आणि इतके दिवस त्याचीच शरम बाळगत होती.

"कसे होते पोहे?" मी विचारलं.

"काय माहीत," ती म्हणाली. "चवच लागली नाही. दोन प्लेटी खाल्ल्या, पण चवच लागली नाही."

मी तिच्या मांडीवरच्या शेंगा घेतल्या आणि सोलायला लागलो. अंधार पडेपर्यंत तिथून उठलो नाही.